विमानात बाळ रडायचं थांबत नाही? आधी बघा, ते कधी रडतंय

परदेशातून बाळाला पहिल्यांदा घरी आणणारे आईबाप असोत, की लेकीच्या बाळंतपणाहून नातवंडासोबत परतणारे आजीआजोबा, गाऱ्हाणं जवळजवळ सारखंच असतं. "बाळ विमानात सारखं रडलं. दूध दिलं, फिरवलं, खेळणी दाखवली, काही म्हणता काही लागू पडलं नाही. आता परतीची धास्ती वाटते." त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात: चोखायला द्या, पोट भरलेलं ठेवा, आवडतं खेळणं न्या.

हे सल्ले खोटे नाहीत. अडचण अशी की मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान पंधरा-सोळा तास उडतं, आणि तेवढ्या वेळात बाळ एकाच कारणाने रडत नाही. चढताना, वर पोचल्यावर, मध्यरात्री आणि उतरताना रडण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि उपायही वेगवेगळे. कानाचा उपाय पोटदुखीवर केला तर बाळ आणखी चिडतं. म्हणून बाळ रडायला लागलं की पहिलं काम म्हणजे घड्याळ आणि समोरच्या पडद्यावरचा नकाशा बघणं. निम्मं निदान तिथेच होतं.

उतरताना रडतंय: कान

सगळ्यात जास्त त्रासाची वेळ हीच, म्हणून आधी तिच्याबद्दल.

विमान अकरा हजार मीटरवर उडत असलं तरी आत तेवढी विरळ हवा नसते. केबिनमधला दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीवर असतो तेवढा राखतात. कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर आहे. म्हणजे बाळ रात्रभर कळसूबाईहूनही उंच जागी बसलेलं असतं आणि मग अर्ध्या तासात समुद्रसपाटीला येतं.

मधल्या कानातून घशाकडे एक बारीक नळी जाते. विमान चढताना कानातली हवा प्रसरण पावते आणि या नळीतून आपोआप बाहेर पडते, त्यामुळे फारसा त्रास होत नाही. उतरताना उलटं घडतं. बाहेरचा दाब वाढत जातो, कानाचा पडदा आत ओढला जातो आणि हवा आत घेण्यासाठी नळी उघडावी लागते. ती उघडते गिळताना किंवा जांभई देताना. मोठ्या माणसाला हे कळतं, तो आवंढा गिळतो. बाळाला कळत नाही. शिवाय बाळाची ही नळी आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी असेल तर ती सुजून आणखी बंद होते.

उपाय म्हणजे बाळाला त्या वेळात गिळायला लावणं, आणि इथेच बहुतेकांची वेळ हुकते. "आपण लवकरच उतरत आहोत" ही घोषणा ऐकून बाटली काढली, तर अनेकदा विमान बरंच खाली आलेलं असतं. उतरण सुरू होते जमिनीला टेकण्याआधी साधारण पंचवीस ते पस्तीस मिनिटं. म्हणून पडद्यावर नकाशा लावून ठेवा. उंचीचा आकडा तासन्‌तास जवळपास एकाच जागी असतो. तो हळूहळू, पण सतत कमी व्हायला लागला की पाजायला सुरुवात करायची.

त्या वेळी बाळाला भूक असायला हवी. आधीचं दूध उतरण्याच्या दोन-अडीच तास आधी उरकलेलं बरं. मधे बाळ कुरकुरलं तर फिरवा, बोला, पण लगेच छातीशी घेऊ नका. पोट भरलेलं बाळ ऐन वेळी तोंड फिरवतं आणि मग आपल्या हातात काही उरत नाही.

बाटलीतलं सगळं दूध एका दमात संपवू देऊ नका. मुंबईवर गर्दी असली की विमानं घिरट्या घालत राहतात आणि अर्ध्या तासाचा पाऊण तास होतो. थोडं पाजा, थांबा, चोखणी द्या, पुन्हा थोडं पाजा. निपलचं भोक लहान असेल तर दूध सावकाश जातं आणि गिळणं जास्त वेळ चालतं. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला उकळून गार केलेलं पाणी चमच्याने दिलं तरी चालतं. वर्षापुढच्या मुलाला स्ट्रॉने काहीतरी प्यायला द्यावं. मोठ्या माणसांसारखं चॉकलेट, गोळी किंवा शेंगदाणा मात्र देऊ नका, घशात अडकण्याची भीती असते.

अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आयांना प्रश्न पडतो पट्ट्याचा. भारतातल्या आणि युरोपातल्या बऱ्याच कंपन्या मांडीवरच्या बाळासाठी आपल्या पट्ट्यात ओवायचा जादा पट्टा देतात. अमेरिकी कंपन्या तो देत नाहीत, तिथल्या नियमात तो बसत नाही; बाळाला हातांनीच धरायचं असतं. जादा पट्टा लावून आडवं घेऊन पाजणं जरा अवघड जातं. विमान वर स्थिर असताना एकदा तसं बसून बघा, कोणत्या बाजूला घेतलं की हात अवघडत नाही ते कळेल.

बाळ गाढ झोपलं असेल तर उठवायचं का? सर्दी नसेल आणि शांत झोपलं असेल तर मी म्हणेन, झोपू द्या. फक्त दूध हाताशी ठेवा. नाक चोंदलेलं असेल तर मात्र उतरण सुरू होता होता उठवून पाजलेलं बरं, कारण झोपेत गिळणं कमी होतं. त्याआधी नाकात सलाइनचे थेंब टाकले तर बाळाला चोखताना श्वास घेणं सोपं जातं.

एवढं करूनही बाळ रडलं तर स्वतःला दोष देऊ नका. रडण्यानेही ती नळी उघडायला मदत होते. प्रवासाच्या आठवड्यात सर्दी, ताप किंवा कान ओढणं दिसलं तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून कान तपासून घ्या. कानात संसर्ग असेल तर प्रवास चार दिवस पुढे ढकलायचा की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. तिकीट बदलायचे पैसे जातील, पण सुजलेला कान घेऊन उतरणं त्या जिवाला फार दुखतं.

चढतानाचं थोडक्यात. मुंबईत विमान फाटक सोडून निघालं तरी धावपट्टीच्या रांगेत वीस-वीस मिनिटं उभं राहू शकतं. एका आईने दार बंद होताच बाटली तोंडाला लावलेली मी पलीकडच्या रांगेतून पाहिली. विमानाने धाव घेईपर्यंत बाटली रिकामी आणि बाळ टक्क जागं. इंजिनांचा आवाज एकदम वाढतो आणि पाठ खुर्चीला टेकते, तेव्हा सुरू करा.

वर पोचल्यावर तासाभराने रडतंय, पाय पोटाशी घेतंय: वायू

केबिनमधला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो, म्हणजे बंद जागेतली हवा तिसऱ्या हिश्श्याने फुगते. वेफर्सचं पाकीट विमानात टम्म होतं ते यामुळेच. बाळाच्या पोटातल्या वायूचंही तेच होतं. बाळ लालबुंद होऊन रडतं, पाय पोटाशी घेतं, पोट टणक लागतं, दूध तोंडाला लावलं की दोन घोट घेऊन सोडून देतं. लोकांना वाटतं कान दुखतोय, आणि ते आणखी पाजत राहतात. त्याने वायू वाढतो.

इथे पाजणं थांबवा. खांद्यावर उभं घेऊन ढेकर काढा, मग मांडीवर उताणं ठेवून नाभीभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने तळहाताने हलकं चोळा, आणि सायकल चालवल्यासारखे पाय हलवा. डायपरची पट्टी पोटावर आवळलेली असेल तर एक घर सैल करा. हे साधं वाटतं, पण खूप फरक पडतो, कारण घरी बरोबर बसणारा डायपर वर पोट फुगल्यावर काचतो. प्रवासात दूध थोडं थोडं आणि जास्त वेळा द्यावं. निघायच्या दोन दिवस आधी कोणताही नवा पदार्थ सुरू करू नये, मग तो कितीही पौष्टिक असो. उष्टावणासाठी घरी आलेल्या बाळांच्या बाबतीत हे नेहमी घडतं: निरोपाच्या जेवणात सगळ्यांना एकेक घास भरवायचा असतो. तो आनंद त्या दोन दिवसांच्या आधीच साजरा करा.

दाबाचा दुसरा परिणाम बाटल्यांवर. स्ट्रॉचा कप जमिनीवर बंद केला आणि वर गेल्यावर उघडला की पाणी कारंज्यासारखं उडतं आणि बाळाचं झबलं, आईचा कुर्ता, शेजाऱ्याची बाही सगळं भिजतं. विमान वर स्थिरावल्यावर कप सरळ धरून, तोंडावर रुमाल ठेवून, झाकण आधी किंचित सैल करा, आतली हवा जाऊ द्या, मग स्ट्रॉ उघडा. पिशवीतल्या फळांच्या लगद्याचंही तसंच.

शी बाहेर येण्याचे प्रसंगही याच काळात जास्त येतात. विमानात चढायच्या अगदी आधी डायपर बदला, आणि रात्रीसाठी एक माप मोठा वापरला तरी चालतो. कपड्यांचा प्रत्येक जोड, एक डायपर आणि दोन-तीन पुसण्या अशा वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्या करून ठेवा. अंधारात एक पिशवी उचलली की काम भागतं, आणि घाण कपडे त्याच पिशवीत परत घालता येतात. स्वतःसाठीही एक जादा सदरा घ्या. मोठ्या विमानांतल्या काही शौचालयांत भिंतीला दुमडलेली फळी असते, बाळाचं चित्र असलेलं दार शोधायचं. ती फळी अरुंद असते, एक हात सतत बाळावर हवा.

मध्यरात्र झाली तरी झोपत नाही

मुंबईहून पश्चिमेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. "रात्रीचं विमान आहे, बाळ झोपून जाईल," असं सगळे म्हणतात. होतं काय ते बघा. पुण्याहून, नाशिकहून निघालेलं कुटुंब संध्याकाळी गाडीत बसतं. बाळ गाडीच्या हलण्याने झोपतं आणि विमानतळावर पोचेपर्यंत तीन-चार तास झोप काढतं. मग प्रखर दिवे, तपासणी, कडेवरून कडेवर. दोन वाजता विमानात बसतं तेव्हा त्याची पहिली झोप झालेली असते. मग विमानात जेवण वाढतात, दिवे चालूच, भांड्यांचा आवाज, आणि दिवे मंद होईपर्यंत पहाट होते. दमलेलं आणि तरीही झोप न येणारं बाळ रडणारच.

गाडीतली झोप मोडता येत नाही, आणि मोडूही नये. पण विमानतळावरचा वेळ मध्यरात्रीसारखा वागवता येतो. बाळाला गाडीतून उतरवतानाच झोपायचे कपडे घातलेले असावेत. बाळाशी कमी बोला, खेळणी काढू नका, पोटाशी बांधायच्या झोळीत घेऊन तोंडावर दिवा येणार नाही असं चाला. निरोप द्यायला दहा माणसं आली असतील तर बाळाला हातोहात फिरवू नका. हे सांगणं जड जातं, विशेषतः आजीला, जिला आता वर्षभर नातू दिसणार नाही. तिच्यासाठी संध्याकाळचा घरचा वेळ राखून ठेवा.

घरचं एक न धुतलेलं दुपटं बरोबर घ्या. आजीच्या जुन्या सुती साडीचं असेल तर उत्तम, कारण ते मऊ असतं आणि त्याला घराचा वास असतो. विमानाच्या कांबळ्याने हे साधत नाही. विमान वर गेल्यावर गारठा वाढतो, म्हणून एका जाड कपड्याऐवजी पातळ कपड्यांचे दोन थर घाला. हवेत ओलावा फक्त दहा-वीस टक्के असतो, नाक कोरडं पडून बाळाची झोप चाळवते. सलाइनचे थेंब इथेही उपयोगी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही, दूधच जरा जास्त वेळा द्यायचं.

जेवणाच्या वेळी दोघांपैकी एकाने जेवायचं आणि एकाने बाळाला घेऊन मागच्या बाजूच्या अंधारात उभं राहायचं. दुसऱ्याचं ताट नंतर द्या म्हणून सांगितलं तर कर्मचारी बहुतेक वेळा ठेवतात. झोपताना पाळी लावा. बाळाला छातीवर घेऊन दोघंही झोपी जाणं धोक्याचं आहे, खुर्चीच्या फटीत बाळाचं नाक दबू शकतं. खाली जमिनीवर झोपवणं तर अजिबात नको, कर्मचारीही ते करू देत नाहीत.

थेट विमान घ्यावं की मधे थांबणारं, हेही बरेच जण विचारतात. माझं मत वयावर अवलंबून आहे. सहा महिन्यांच्या आतलं बाळ कुठेही झोपतं, त्याच्यासाठी थेट विमान सोयीचं, कारण प्रत्येक चढ-उतार म्हणजे कानाला पुन्हा त्रास. नऊ महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतच्या रांगत्या-चालत्या बाळाला पंधरा तास मांडीवर धरून ठेवणं त्याच्यावर आणि तुमच्यावर अन्याय आहे. आखातात किंवा युरोपात तीन-चार तासांचा मुक्काम घ्या, तिथे गालिच्यावर मनसोक्त रांगू द्या. आणि परवडत असेल तर या वयात बाळासाठी स्वतंत्र खुर्ची काढून गाडीतलं बाळाचं आसन, म्हणजे कार सीट, तिथे बसवणं सगळ्यात सुरक्षित. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आसनावर, ते विमानातही चालतं हे लाल अक्षरांत छापलेलं असतं. ते शोधा आणि तुमच्या कंपनीला विचारून घ्या.

पाळणा मागितला होता, मिळाला नाही

हे वारंवार होतं आणि कारणं ठरलेली आहेत. भिंतीला अडकवायचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, ठरावीक रांगांसमोरच लागतो आणि त्या जागा मोजक्या असतात. तिकीट काढताना बाळाचं नाव घातलं म्हणजे पाळणा मिळाला असं नाही. ती वेगळी मागणी असते. एजंट किंवा संकेतस्थळ ती फक्त पुढे पाठवतं, आणि ती मंजूर झाली की नाही हे आपण बघतच नाही.

म्हणून कंपनीला फोन करून विचारा: आमच्या आरक्षणात बॅसिनेटची नोंद आहे का, आणि ती मंजूर आहे की नुसती मागणीच आहे? त्यांच्या प्रणालीत 'बीएससीटी' या संकेताने ही नोंद असते. तो शब्द वापरला की समोरचा माणूस लगेच योग्य जागी बघतो. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसऱ्या कंपनीचं असेल तर ज्यांचं विमान उडणार आहे त्यांच्याकडेच मंजुरी घ्या. विमानाचा प्रकार ऐनवेळी बदलला तर जागांची मांडणी बदलते आणि नोंद गळते. त्यासाठी निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि पुन्हा आदल्या दिवशी तपासा. विमानतळावर लवकर पोचा.

वजनाची मर्यादा कंपनीनुसार वेगळी, साधारण दहा ते चौदा किलोच्या दरम्यान. पण वजनापेक्षा लांबी आधी संपते. आठ-नऊ महिन्यांचं, उठून बसणारं बाळ त्यात राहत नाही. आणि हेही आधी माहीत असू द्या: विमान हलायला लागून पट्ट्याचा दिवा लागला की बऱ्याच कंपन्यांत बाळाला पाळण्यातून उचलावं लागतं, नुकतं झोपलं असेल तरी. उतरण्याच्या बऱ्याच आधी पाळणा काढून नेतात. बाळ उतरताना का चिडलेलं असतं, त्याचं हे आणखी एक कारण. पाळणा काढण्याआधीच त्याला हळूच उचलून घेतलं, तर धक्क्याने जागं होण्यापेक्षा बरं.

दुधाचा घोळ

तपासणीत दूध काढून टाकतील या भीतीने लोक कमी दूध नेतात आणि मग विमान लांबलं की बाळ भुकेने रडतं. अमेरिकेत आईचं दूध, फॉर्म्युला (पावडरचं दूध) आणि बाळाचं खाणं शंभर मिलिलिटरच्या मर्यादेतून वगळलेलं आहे. ते पिशवीतून वेगळं काढून अधिकाऱ्याला आधी सांगायचं. बर्फाच्या थैल्याही चालतात. ब्रिटनमध्ये एका बाटलीत दोन लिटरपर्यंत चालतं, मात्र गोठवलेलं आईचं दूध हातातल्या सामानात चालत नाही. भारतातही प्रवासापुरतं बाळाचं खाणं नेता येतं. विमान किती तासांचं आहे त्यात आणखी निम्मे तास मिळवून तेवढं न्या.

फॉर्म्युला तयार करून नेऊ नका. कोरडी पावडर मोजून छोट्या डब्यांत भरा. पाणी तपासणीनंतर विकत घेतलेलं बाटलीबंद वापरा, विमानाच्या टाकीतलं नको. थर्मासमध्ये उकळतं पाणी असेल तर उत्तम: जागतिक आरोग्य संघटना पावडर किमान सत्तर अंश सेल्सिअसच्या पाण्यात मिसळायला सांगते, मग गार करून पाजायचं. तयार दूध दोन तासांच्या आत वापरायचं, आणि बाळाने तोंड लावलं की तासाभरात उरलेलं टाकून द्यायचं. काढून ठेवलेलं आईचं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि बर्फाच्या थैल्या घातलेल्या डब्यात चोवीस तास टिकतं.

बाटली गरम करायला दिली की मनगटावर थेंब टाकून बघा, मग पाजा. कडक पाण्यात ठेवलेली बाटली फार तापते.

झोपेचं औषध द्यावं का?

नाही. हे कळकळीने सांगते, कारण हा सल्ला प्रेमाच्याच माणसांकडून येतो.

सर्दीच्या औषधाने बाळ गुंगतं म्हणून "एक चमचा द्या, झोपेल" असं सर्रास सांगतात. प्रोमेथाझिन हे गुंगी आणणारं ॲलर्जीचं औषध दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये घातला. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलएफ्रिन एकत्र असलेली सर्दीची औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. विमानात प्राणवायू आधीच जमिनीपेक्षा कमी मिळत असतो. त्यात बाळाचा श्वास मंदावणारं काही देणं म्हणजे विषाची परीक्षा. आणि काही मुलं अशा औषधांनी गुंगण्याऐवजी उलट तासन्‌तास बेचैन होतात.

जायफळ उगाळून चाटवणं, ब्रँडीचे दोन थेंब, मध, यांचंही तसंच. जायफळाची मात्रा मोजता येत नाही आणि जास्त झालं तर ते विषारी आहे. मधामुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी जिवाणूंची विषबाधा, होऊ शकतो. आजीने तिच्या मुलांना दिलं असेल आणि ती सुखरूप असतील, तिचा अनुभव खोटा नाही. पण ढगांच्या वर, डॉक्टर नसताना, हा धोका घेऊ नये.

तापासाठी पॅरासिटामॉल बरोबर असावं, पण एक सापळा नीट समजून घ्या. भारतात मिळणारे थेंब १ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅमचे असतात, तर पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा २५० मिलिग्रॅमचं. अमेरिकेत बाळांसाठी ५ मिलिलिटरमध्ये १६० मिलिग्रॅम. "अडीच मिलिलिटर द्या" हे तिथल्या डॉक्टरांचं सांगणं भारतातल्या थेंबांच्या बाटलीला लावलं तर बाळाला तिपटीहून जास्त औषध जातं. बाळाच्या वजनाप्रमाणे किती मिलिग्रॅम, आणि या बाटलीतून किती मिलिलिटर, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि तो कागद बाटलीलाच रबराने बांधा.

पोचल्यावर रात्री दोनला जागं

न्यूयॉर्क आणि मुंबईत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर असतं. बाळाचा दिवस अक्षरशः उलटतो. रात्री दोनला ते हसत, खेळत उठतं आणि दिवसा दूध पिता पिता झोपतं. याला आजार समजू नका. बहुतेक बाळं आठवडाभरात रुळतात.

रात्री उठलं तर भूक भागवा, कारण त्याच्या पोटाला ती दुपार वाटत असते. पण दिवा लावू नका, दिवाणखान्यात आणू नका, मोबाइल दाखवू नका. सकाळी सात-आठला, झोप झालेली असो-नसो, गच्चीत किंवा ओसरीवर कोवळ्या उजेडात घेऊन बसा. दिवसाची एक झोप दोन-अडीच तासांपलीकडे जाऊ देऊ नका. बाळाला बघायला येणाऱ्यांना पहिले चार दिवस थांबायला सांगा. ओळखीची माणसं, ओळखीचा क्रम आणि सकाळचा उजेड यांनीच हे सुटतं.

हे दिसलं तर वाट बघू नका

बाळ जोरात किंवा धापा टाकत श्वास घेतंय, ओठ निळसर दिसताहेत, हाक मारूनही सुस्त पडून राहतंय, पुन्हा पुन्हा उलट्या होताहेत, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आलाय, तर लगेच कर्मचाऱ्यांना सांगा. ते प्रवाशांमध्ये डॉक्टर आहे का विचारतात, आणि बऱ्याच कंपन्यांना जमिनीवरच्या डॉक्टरांशी बोलता येतं. मुदतीआधी जन्मलेल्या किंवा हृदयाचा, फुप्फुसाचा त्रास असलेल्या बाळाचं तिकीट काढण्याआधीच डॉक्टरांची परवानगी घ्या. उतरल्यावर कानातून पाणी आलं, किंवा दुसऱ्या दिवशीही बाळ कान ओढून रडत असेल, तर कान दाखवून घ्या.

परतीच्या तारखेआधी बाळाला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर मांडीवरचं तिकीट परतीला चालत नाही, स्वतंत्र खुर्ची काढावी लागते. हे काउंटरवर समजलं तर त्या विमानात जागा शिल्लक असेलच असं नाही, म्हणून जातानाच वाढदिवसाची तारीख आणि परतीची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा.